ओल्या दिवसांतलं सरपण

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात आमच्या गावच्या कंट्रोलच्या दुकानातलं राकेल बंद झालं. अरबांनी तेल महाग केलं, असं रेडिओ सांगत होता. मी साकोलीजवळच्या एका खेड्यात शाळेवर होते. नवरा नोकरीला भंडाऱ्यात, आणि मी सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन भाड्याच्या खोलीत. माझं सगळं घर एका स्टोव्हवर चालायचं. दुकानदार दर सोमवारी सांगायचा, "आलं नाही बाई." त्याच्या घरातून मात्र स्टोव्हचा आवाज ऐकू यायचा.

घरमालकानं पडवीत तीन दगड मांडू दिले. पण जाळू काय? गवऱ्या भिजलेल्या. तणस, म्हणजे भाताचा पेंढा, भडकायची आणि दूध तापायच्या आत विझायची. बाळ उपाशी रडायचं.

माझ्याकडे भांडी घासायला एक विधवा बाई यायची. मी तिला मावशी म्हणायचे. तिची मुलगी माझ्याच वर्गात, तिसरीत होती. मावशी पूर्वी जंगलातून मोळ्या आणून विकायची. एकदा नाकेदारानं, म्हणजे जंगलाच्या पहारेकऱ्यानं, पकडून दम दिला, तेव्हापासून तिनं ते सोडलं होतं. हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, "मावशी, एक मोळी आणाल?"

"नाही बाई. आता दिसली तं सोडत नाही म्हणे तो."

"एकच. काही झालं तर मी आहे ना."

तिनं बाळाकडे पाहिलं. "बरं, आणतो," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सुरू होती. नाकेदार तिला घेऊन थेट वर्गाच्या दाराशी आला. मोळी तिच्या डोक्यावरच होती, कुऱ्हाड त्याच्या हातात. तिची मुलगी पहिल्या रांगेत बसलेली.

"बाई, हे म्हणते, तुमच्यासाठी आणलं. खरं हाय काय?"

हेडमास्तर मागे येऊन उभे राहिले होते. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

"मी सरपण मागितलं होतं," मी म्हणाले. "जंगलातून आणा असं नव्हतं सांगितलं."

मग ते दुसरीकडून कुठून येणार होतं? हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं, पोरांनासुद्धा. मावशी नाकेदाराला म्हणाली, "चला, कुठी जाचं हाय तं." मी फळ्याकडे वळले आणि पाढा पुढे लिहू लागले.

तिला दिवसभर साकोलीच्या जंगल खात्याच्या ऑफिसात बसवून ठेवलं. कुऱ्हाड जप्त झाली.

संध्याकाळी नाकेदार माझ्या दारी आला. मावशीकडून घेतलेली अर्धी मोळी त्यानं पडवीत टाकली. "लेकराचं दूध तापवा लागते बाई. राहू द्या."

मी ती परत केली नाही. जाळली. चार दिवस पुरली.

मावशी भांड्यांना यायची थांबली. तिची मुलगीही शाळेत दिसेना, म्हणून आठवड्यानं मी तिच्या घरी गेले. मुलगी भाताच्या रोवणीला मजुरीनं गेली होती.

"तिला शाळेत पाठवा, मावशी."

"कायले? पोरं तिले लाकूडचोर म्हणून राहिले. तुमच्याच वर्गात."

मी वर्गात कुणाला रागावले नव्हते. रागावण्यासारखं तोंड माझ्याकडे उरलं नव्हतं. मुलगी पुन्हा शाळेत आली नाही.

हिवाळ्यात राकेल आलं, वाढलेल्या भावानं. माझी नोकरी कायम झाली, नंतर बदलीही. पुढे माझ्या घरी गॅस आला. ऐंशीनंतर कधीतरी साकोलीच्या बस स्टँडवर मावशी भेटली. तीच आधी बोलली.

"तुमचं लेकरू मोठं झालं असंन आता. शाळेत जाते ना?"

मी हो म्हटलं. तिच्या मुलीबद्दल विचारायचं मला धाडस झालं नाही. तिनंही सांगितलं नाही. तिची बस आली, ती चढून गेली.