पोटावरचा पुरावा

आजोबा गोव्याचे, म्हणून आम्ही पोर्तुगालच्या राजाची रयत, असं वडिलांनी डोक्यात घेतलं. तसा दाखला मिळाला की मला त्या राजाच्या आफ्रिकेतल्या मुलखात नोकरी लागणार होती. पुरावा म्हणून त्यांना एकच सुचलं. आमच्या गोव्यातल्या घराण्यात प्रत्येक मुलाच्या पोटावर काविळीचा, म्हणजे कावीळ होऊ नये म्हणून तान्हेपणी तापल्या लोखंडाने दिलेला डाग असे. मी गिरगावात जन्मलेला, माझं पोट कोरं. विसाव्या वर्षी दोन्ही काकांनी मला चुलीपुढे आडवं पाडलं आणि वडिलांनी तापलेला विळा टेकवला. मी एका काकाच्या हाताला रक्त येईस्तोवर चावलो.

पोर्तुगालच्या कचेरीत मी सदरा वर केला. कारकून म्हणाला, “सदरा खाली कर. आजोबांच्या जन्माचा कागद आण.”

जिना उतरताना वडील म्हणाले, “डाग नीट उठला नाही. परत देऊ.”

मी त्यांना ढकललं.