डाव्या अंगाचा डबा

सिल्वासाजवळच्या मसाटच्या सुताच्या कंपनीत झिपरू महाजनाचा कान चालायचा. फिटर म्हणून तो लागला त्याला सव्वीस वर्षं झाली. पान्हे, हातोडे सगळ्यांकडे असतात, झिपरूकडे एक हातभर लांबीचा लाकडी मुठीचा डिसमिस होता. डिसमिस म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. गुजराती लोक तसं म्हणतात आणि सिल्वासात आलेला माणूस, मग तो धुळ्याचा असो की बिहारचा, महिनाभरात तसंच म्हणायला लागतो. चालत्या मशिनीच्या अंगाला झिपरू डिसमिसचं टोक टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "तिसरं बेअरिंग. आठ दिवस काढेल." नवव्या दिवशी ते बेअरिंग बसायचं.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने कंप मोजणारं एक यंत्र आणलं. खिशात मावेल एवढं, आकडा दाखवणारं. झिपरूने त्याला दोनदा खोटं पाडलं तेव्हा ते कपाटात गेलं. पण ते कपाटात होतं, भंगारात गेलं नव्हतं, हे झिपरू विसरला नव्हता. कान आहे तोवर झिपरू आहे. कान गेला की कपाट उघडणार.

तर अशा माणसाने अॅम्प्लिफायर घेतला.

हौस जुनी. साक्री तालुक्यातल्या त्याच्या गावात लग्नं लागायची तेव्हा भोंगेवाल्याच्या बैलगाडीमागे हा मांडवापर्यंत पळायचा. पोरगी कावेरी नर्स होऊन नाशिकला गेली, रांध्याच्या रस्त्याला दोन खोल्या झाल्या, आता घरात तो, बायको तानूबाई आणि भिंतीवरचं कॅलेंडर. एका रविवारी तो सिल्वासाच्या बाजारातून अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकरचे डबे रिक्षात घालून आला. तानूबाई दारात उभी.

"हाई काय आणं?"

"गाना वाजाडाना शेतस."

"मोबाईल वाजस ना?"

"मोबाईल चिरकस. हाई वाजस."

दुपारभर जोडणी चालली. टीव्हीच्या दोन्ही अंगांना दोन स्टुलं, त्यांवर डबे. वायरीचं कातडं त्याने दाताने सोललं, तांब्याचे केस पिळून शेंडी केली, लाल ती लालमध्ये, काळी ती काळीमध्ये, वरून चिमटे दाबले. एक केससुद्धा बाहेर राहू दिला नाही, कारण लाल-काळी एकमेकींना लागल्या की अॅम्प्लिफायर जळतो, हे दुकानदार हर्षलभाईने तीनदा बजावलं होतं. मग मोबाईल जोडला, आवाजाचं बटन शून्यावर आणून हळूहळू फिरवलं आणि टीव्हीसमोरच्या खाटेवर बरोबर मध्यभागी जाऊन बसला. अहिराणी लग्नाचं गाणं सुरू झालं. संबळ वाजला, बायांनी सूर धरला.

झिपरूचं कपाळ आक्रसलं. उजवा डबा खणखणीत. डावा मात्र गोधडीत गुंडाळल्यासारखा.

त्याने वायरींची अदलाबदल केली. डावीची उजवीला, उजवीची डावीला. तरी डावाच मंद. म्हणजे मशीन बरं, डबा खराब. हिशेब सरळ होता.

"दोन्ही सारखाच वाजतस," तानूबाई मेथी निवडता निवडता म्हणाली. "तुम्हना कानमा काही भरेल व्हई."

"मना कानले नाव ठेवू नको. या कानवर कंपनी चालस."

शेजारच्या सुनंदाताई दळण घेऊन चालल्या होत्या, त्यांनाही त्याने थांबवून ऐकवलं. त्यांना काही कळलं नाही, पण झिपरूभाऊ म्हणतात म्हणजे असेल, म्हणून त्या "हो, जरा बसकाच आहे," असं म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गल्लीला माहीत झालं की दुकानदाराने झिपरूच्या गळ्यात खराब डबा मारला.

दुसऱ्या दिवशी ड्युटी सुटल्यावर डबा काखेत मारून तो दुकानात. हर्षलभाईने डबा टेबलावर ठेवून वाजवला.

"मने तो बराबर लागे छे, झिपरूभाई."

झिपरूने मान तिरकी करून डब्याला कान लावला. डबा इथे चांगला वाजत होता. पण आता माघार घेतो कशाला? "इथे वाजतोय, हर्षलभाई. घरी दबतो. आतली गुंडाळी गरम झाली की दबतो. सव्वीस वर्षं हेच करतोय मी."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत झिपरू महाजनाच्या कानाला खोटं कोण म्हणणार? हर्षलभाईने मुकाट दुसरा डबा काढून दिला.

घरी आणून लावला. डावा मंद.

आता मात्र झिपरू उठला आणि पिशवीतून डिसमिस काढला. तानूबाई कपाळाला हात लावून बघत राहिली. त्याने टोक उजव्या डब्याला टेकवलं, मूठ कानाला. खणखणीत. मग डाव्या डब्याला टेकवलं, मूठ कानाला. तेवढाच खणखणीत. तो डिसमिस कधी खोटं बोलला नव्हता. झिपरू खाटेवर येऊन बसला. डावा परत गोधडीत.

"च्या ल्या," तानूबाई मागून म्हणाली.

तो खाटेवर बसल्याबसल्या मागे वळला. तोंड तिच्याकडे, पाठ टीव्हीकडे. आणि इतका वेळ मेलेला तो डबा जिवंत झाला. दुसरा मेला.

झिपरू परत वळला. परत वळला. चौथ्या वेळी बशीतला चहा मांडीवर सांडला. कोणताही डबा लावा, कोणतीही वायर लावा, मेलेली बाजू झिपरूबरोबर फिरत होती.

तानूबाईने फडकं आणलं. त्याच्या मांडीवर टाकलं.

"आते समजनं का तुम्हले? मी तं कव्हयपाईन तुम्हना जेवना अंगेच चालस." जेवना हात म्हणजे उजवा. "डावा अंगे बोलनं म्हणजे भिंतशी बोलनं."

"मंग सांगं काब नही?"

"सांगं व्हतं ना. डावा अंगे बशीसन सांगं व्हतं."

झिपरू हसला नाही. पहिली नऊ वर्षं तो कॉम्प्रेसरच्या खोलीत होता. टेबल भिंतीला, आणि डाव्या हाताला तो राक्षस दिवसभर धडधडायचा. कंपनीने दिलेली नारिंगी बोंडं, कानात घालायची, तो दोरीने गळ्यात अडकवून हिंडायचा. ती घातली तर मशीन काय बोलते ते ऐकू कसं येणार, असं तो सगळ्यांना सांगायचा.

मंगळवारी तो वेळेआधी अर्धा तास कंपनीत पोचला. सात नंबरच्या मशिनीत एक बेअरिंग वाईट होतं, ते त्यानेच शनिवारी हेरून ठेवलं होतं. त्याने डिसमिस टेकवला आणि मूठ डाव्या कानाला लावली. नुसती झोपलेली घरघर. मूठ उजव्या कानाला नेली. कर्र, कर्र, कर्र, दाढेत खडा आल्यासारखं. तेव्हा त्याचं आपल्या हाताकडे लक्ष गेलं. मूठ उजव्या कानाला नेताना हाताला विचार करावा लागला नव्हता, डाव्याला नेताना कोपर अवघडलं होतं. म्हणजे हाताला सगळं ठाऊक होतं. किती वर्षांपासून, कोण जाणे.

मेंटेनन्सचे साहेब दत्तात्रय सावंत, चिपळूणकडचे. झिपरू त्यांच्या टेबलासमोर उभा राहिला आणि ओझं खाली टाकावं तसं बोलून मोकळा झाला.

"साहेब, माझा डावा कान गेलाय. ते यंत्र काढायचं तर काढा कपाटातून."

सावंतसाहेबांनी रजिस्टरमधून मान वर केली. "सात नंबरचं काय?"

"आतल्या बाजूचं दुसरं. चार दिवस. पाच नाही."

"मग काय काढू कपाटातून? बेअरिंग काढायला लागा." मग ते त्याच्या गळ्याकडे बघून म्हणाले, "आणि महाजन, ही बोंडं काय मंगळसूत्र म्हणून दिलीत कंपनीने? एक उरलाय. दोन्हीकडे घाला. मशीन ऐकायची तेवढ्यापुरतं काढा. गुरुवारी कंपनीच्या डॉक्टरकडे नाव देतोय तुमचं, पळ काढू नका."

"नाही काढत."

त्याने तिथेच बोंडं कानात कोंबली. जग एकदम लांब गेलं, आणि त्याला ते वाईटही वाटलं नाही.

संध्याकाळी तो आधी हर्षलभाईच्या दुकानात गेला. आजही गिऱ्हाइकं होती. बरंच झालं. "हर्षलभाई, तुमचा पहिला डबा चांगला होता. खराब माझा कान आहे."

हर्षलभाई म्हणाला, "तो भाई, बॅलन्स नुं बटन छे ने! डाबी बाजू फेरवो, डाबी वधशे."

झिपरू घरी आला, बटन फिरवलं. डावा वाढला खरा, पण तानूबाई आतून ओरडली की एकीकडून कोणी अंगावर येतंय असं वाटतं. त्याने बटन मध्यावर आणलं. मग डाव्या डब्याकडे बघितलं. एका कानाच्या माणसाला दोन डबे कशाला?

त्याने दहा हात वायर आणली. चौकटीवरून खिळे मारत ती स्वयंपाकघरात नेली आणि डावा डबा पिठाच्या डब्याशेजारी फळीवर चढवला. वायरीची शेंडी नीट पिळली, केस बाहेर राहू दिला नाही. उजवा डबा खाटेच्या उजव्या अंगाला घेतला. गाणं लावलं. पुढच्या खोलीत बाया गात होत्या, मागच्या खोलीत संबळ वाजत होता, आणि तव्यावर भाकरी टाकता टाकता तानूबाईची मान हलत होती. मोबाईल वाजस ना, म्हणणारी हीच.

झिपरू लोडाला टेकला. आवाज थोडा वाढवला. आणखी थोडा वाढवला.

तानूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली, त्याच्या डाव्या अंगाला उभी राहून काहीतरी म्हणाली. झिपरू डोळे मिटून डोकं हलवत होता. ती खाटेला वळसा घालून उजव्या अंगाला आली आणि वाकून म्हणाली, "आवाज कमी करा. भाकर जळी ऱ्हायनी, गाना आयकता आयकता."

झिपरूने बटन बोटभर मागे घेतलं.