जुमादिलने पेटवलेला दिवा

कारा-बाल्टा शहराहून घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टायरची सात दुकानं आहेत, पण टायरमधल्या हवेच्या सेन्सरचं दुखणं कळतं ते एकट्या जुमादिलला. बाकीचे सहा जण गाडीतला हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा पेटला की त्यावर काळी चिकटपट्टी लावून मोकळे होतात. जुमादिल सेन्सर वाचायचं यंत्र एकेका चाकापाशी धरतो, कुठला सेन्सर मेलाय ते सांगतो आणि सांगता सांगता गिऱ्हाइकाची अक्कलही काढतो. माणूस कामाचा, पण जीभ अशी की तिच्यापेक्षा पंक्चर परवडलं.

त्याचं नाव झालं ते मात्र वेगळ्याच करामतीने. हिवाळ्यात लोक बर्फाचे टायर चढवलेली लोखंडी चाकं लावतात. त्यांत सेन्सर नसतात, म्हणून दिवा चार महिने डोळ्यांसमोर जळत राहतो. जुमादिल चारही सेन्सर एका जाड प्लास्टिकच्या नळीत घालायचा, दोन्ही तोंडं बंद करायचा, आत हवा भरायचा आणि नळी मागच्या डिकीत, खालच्या पत्र्याला आवळून टाकायचा. गाडीला वाटायचं, चारही चाकं टणाटण आहेत. दिवा गप्प बसायचा. खऱ्या चाकातली हवा गेली तरी गप्पच. "हवा हाताने बघत जा," एवढं तो मालकाला सांगायचा. पण मालक गाडी विकायचा आणि नव्या मालकाला हे सांगायचं कुणाच्याच मनात येत नसे.

अशीच एक गाडी त्याच्या जावयाने, मेदेरने, घेतली. तो घाटापलीकडच्या सुसामिरमध्ये शाळामास्तर. जुमादिलला हे लग्नच पसंत नव्हतं, तो त्याला नावाने कधी हाक मारत नसे. पहिल्या बर्फानंतर मेदेर गाडी दाखवायला आला. शेजारी सीटवर जुमादिलची लेक बेगिमाय, सहावा महिना लागलेली. नवी वस्तू दाखवली की थोरल्याने हातावर बायगाझी, म्हणजे शकुनाचे पैसे, ठेवायची आणि चांगलंच बोलायचं, वस्तूला नावं ठेवायची नाहीत, ही रीत. जुमादिलने चाकं पाहिली, लोखंडी. दिवा पाहिला, विझलेला. तो काय ते समजला. डिकी उघडून पाहिली, तर पत्र्याखाली नळी होती आणि आवळणी त्याच्याच हातची होती. त्याने डिकी लावली, जावयाच्या हातावर नोट ठेवली आणि म्हणाला, "सुखाने फिरा, मास्तर." रीत पाळली असं त्याने स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे शेजारपाजारची पाच माणसं गाडीभोवती उभी होती आणि त्यांच्यासमोर आपलं पाप बाहेर काढायची त्याला लाज वाटली.

तिसऱ्या आठवड्यात घाट उतरताना हवा उतरलेलं पुढचं उजवं चाक फाटलं आणि गाडी दगडांवर गेली. मेदेरला खरचटलंसुद्धा नाही. बेगिमायचं मूल गेलं.

ती माहेरी आली. जुमादिलचे थोरले भाऊ तोक्तोसुन म्हणजे घराण्याचा शेवटचा शब्द. ते म्हणाले, "एवढी हवा उतरली म्हणजे दिवा पेटलाच असणार. हा तसाच हाकत राहिला. पोरगी परत पाठवायची नाही."

बेगिमाय भिंतीकडे तोंड करून बोलली, "मला झोप लागली होती. दिवा पेटला नसेल तर त्यांचा दोष नाही, मी जाईन. पेटला असेल तर त्यांचं तोंडही बघणार नाही."

मेदेर आपणहून मोडकी गाडी दुसऱ्या गाडीला दोराने बांधून सासऱ्याच्या दुकानात घेऊन आला. डोळे सुजलेले. "बाबा, तुम्ही मला कितीही बोला. पण यातलं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. दिवा पेटला नव्हता, शपथेवर सांगतो. तेवढं बघून सांगा, म्हणजे ती घरी येईल."

"बघतो. तोक्तोसुनकाकांना बोलावून आण."

मेदेर गेला. जुमादिलने यंत्र घेऊन गाडीला फेरी मारली. उरलेल्या तिन्ही चाकांपाशी काही नाही. डिकीपाशी धरताच चारही सेन्सर बोलले, चारही भरलेले. त्याने नळी सोडवली. तो ती हातात घेऊन बराच वेळ उभा होता, हे मी त्याच्या बाजूने सांगतो, कारण त्याच्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे. मग त्याने तिचा व्हॉल्व्ह सैल केला, हवा निम्मी जाऊ दिली आणि नळी मागच्या सीटखाली सरकवली.

तोक्तोसुन आले. जुमादिलने किल्ली फिरवली. पिवळा दिवा लख्ख पेटला.

"चालू आहे," जुमादिल म्हणाला. "काही बिघडलेलं नाही. तेव्हाही पेटलाच असणार."

"नव्हता हो पेटला," मेदेर म्हणाला.

"मग मशीन खोटं बोलतंय? का मी? पोरांना गणितं शिकवतोस ना, मास्तर? मग कर हिशेब."

मेदेर दिव्याकडे बघत राहिला. त्याला खोटं कसं बोलावं ते येत नव्हतं आणि दुसरा खोटं बोलत असेल असंही त्याच्या मनात येत नव्हतं. तो हळूच म्हणाला, "रस्त्यावर बर्फ होतं. माझी नजर सगळी रस्त्यावर होती. पेटला असेल. माझ्या लक्षात आलं नसेल." तोक्तोसुन थुंकले आणि दुकानामागच्या घरात गेले.

मेदेर तसाच बेगिमायच्या दाराशी गेला आणि स्वतःच्या तोंडाने तिला सांगितलं की दिवा पेटला होता. तो एकटाच सुसामिरला परतला आणि अजून तिथे शाळेत शिकवतो.

बेगिमाय आता बापाकडेच असते. दुपारी दुकानात चहा आणि गरम, तळलेले बोर्सोक घेऊन येते, बाप खाईपर्यंत बाकावर बसते. एकदा तिने त्याचा काळवंडलेला हात हातात घेतला.

"तुम्ही होतात म्हणून मला खरं कळलं, बाबा," ती म्हणाली. "नाहीतर जन्मभर त्याच्यावर विश्वास ठेवला असता."

"खा तूही," जुमादिल म्हणाला आणि बशी तिच्याकडे सरकवली.