शेंदराखालची जखम

मोठी फांदी कापायची एक रीत आहे. आधी तिच्या पोटाकडून, खालून, करवत घालायची. मग थोडं पुढं सरकून वरून कापायचं. तसं नाही केलं तर अर्धी कापलेली फांदी स्वतःच्या वजनानं मोडते आणि खोडाची साल हातभर सोलत खाली येते. राहिलेला ठोंब काढताना फांदीच्या मुळाशी जे जाड कडं असतं त्याला धक्का लावायचा नाही. जखम भरून येते ती त्या कड्यातून. कडं जिवंत तर झाड जिवंत. हे मी जालन्याच्या छावणीतल्या गोल्फच्या मैदानावर शिकलो आणि त्याच मैदानावर ते सगळं वाया गेलेलं पाहिलं.

जालन्यात गोल्फचं मैदान होतं म्हटलं की लोक हसतात. पलटणीच्या साहेबांनी ते आखलं होतं. पोलीस ॲक्शननंतर ते साहेब गेले आणि नवे सरकारी अधिकारी व दोन-चार जिनिंगवाले खेळू लागले. हिरवळ असायची ती पावसाळ्यापुरती. ज्या खळग्यात चेंडू घालायचा त्याच्याभोवती गवत नव्हतं, तेल पाजलेली रेती असायची. पण झाडं चांगली होती. चिंचा, शिरीष, बाभळी आणि कडुनिंब. क्लबाला झाड सावलीसाठी हवं असायचं आणि चेंडूच्या वाटेत नको असायचं. या दोन गोष्टी जुळवून देण्यासाठी मला ठेवलं होतं. झाडांचा मुकादम. खेळणाऱ्यांच्या डोक्यावर येणारी वाळकी लाकडं काढणं, वाळवी मारणं, बुंध्यांना चुना-मोरचूद लावणं, आळी करणं. राहायला मैदानाच्या कडेला दोन खोल्या होत्या. बायको, तीन मुलं, माझी आई आणि मी त्यात मावत होतो.

मैदानाच्या उत्तरेच्या टोकाला, राजूरच्या रस्त्याला लागून, एक कडुनिंब होता. बुंध्याचा घेर नऊ फूट. मी स्वतः दोरीनं मोजला होता. एका वैशाखात वावटळीनं त्याची सर्वांत मोठी फांदी मोडून नेली. माणसाच्या छातीइतक्या उंचीवर खोडाला लांबट जखम झाली. क्लबाचे सेक्रेटरी साहेब बघायला आले. गृहस्थ वाईट नव्हते, पण घाईचे होते.

"मुकादम, मुळापासून काढून टाका. तसेही सगळे चेंडू हाच खातो."

"साहेब, एवढा निंब आपल्या हयातीत पुन्हा होणार न्हाई."

"जखम बघा केवढी हाय. सडणार, बिलकुल सडणार."

"कडं शाबूत आहे. तीन पावसाळे द्या, भरून दाखवतो."

त्यांनी हातातल्या काठीनं बूट ठोकले. "भरली तर राहील. सडली की काढायचा. आणि मंग मला तुमचे फूट-इंच सांगत बसायचं न्हाई."

म्हणजे पैज लागल्यासारखंच झालं. मी फाटलेलं लाकूड तासून साफ केलं, पाणी साचणार नाही असा उतार दिला, साल जिथं सुटली होती तिथं कोरून घट्ट सालीपर्यंत नेली. वरून लावायला डांबर हवं होतं. त्या वर्षी गावातलं सगळं डांबर सडकेच्या कामावर गेलं होतं. मोंढ्यातल्या मारवाडी शेठजींच्या दुकानात गेलो आणि शेंदूर व जवसाचं तेल मागितलं. लोखंडी जाळ्यांना तेच लावतात. लाकडालाही चालतं.

"मुकादमजी, मारुती बसवून राह्यलात का काय?"

"न्हाई शेठजी, निंबाला मलम लावायचंय."

"घ्या! झाडाला बी शेंदूर!" ते खळखळून हसले आणि चिमूटभर जास्त घातला.

जखमेचा आकार मी नीट पाहिला होता, पण लाकूड म्हणून पाहिला होता. वर रुंद, खाली निमुळती. मधोमध कठीण लाकडाची एक शीर उभी राहिली होती, ती खाली येऊन डावीकडं वळली होती. तासली असती तर जिवंत लाकूड दुखावलं असतं, म्हणून तशीच ठेवली. त्यावर शेंदूर चढवला.

पुढं अंगारकी आली. जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी जाणारे लोक पहाटेच त्या रस्त्यानं निघतात. मी उजाडल्यावर गेलो तेव्हा कुंपणाची तार वाकवलेली होती आणि निंबाच्या बुंध्याशी दुर्वा, जास्वंदी, फोडलेला नारळ होता. कापूर जाळल्यानं सालीवर काळा डाग पडला होता. बाजूच्या वस्तीतली एक म्हातारी, तिथंच शेळ्या चारायची, बुंध्याशी हात जोडून बसली होती.

"दादा, बघा. राजूरला जाणारांच्या वाटेवरच येऊन बसला. डाव्या सोंडंचा."

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला बरंच वाटलं. आता या झाडाला कोण हात लावतो? कापूर लांब जाळा, एवढंच मी तिला सांगितलं.

सेक्रेटरी साहेबांना बरं वाटलं नाही. "हे तुम्ही मुद्दाम केलं. आता एक चेंडू तिकडं गेला तर दंगा होईल. उद्याच्या उद्या लोकांना सांगा की रंग तुमचा हाय म्हणून."

मी पुढच्या चतुर्थीला शेंदराचा डबा हातात घेऊन झाडाजवळ उभा राहिलो. पन्नासेक माणसं असतील. म्हणालो, "हे पाहा, हा शेंदूर मी लावलाय. डांबर मिळालं नाही म्हणून मोंढ्यातून आणला. झाडाला जखम झाली आहे, तिच्यावरचं औषध आहे हे."

एक शेतकरी म्हणाला, "व्हय का? मंग पाया पडू द्या तुमच्या."

"अहो, माझ्या कशाला?"

म्हातारीनं समजूत काढल्यासारखं सांगितलं, "दादा, तुमाला वाटतं तुमी लावला. त्यानं लावून घेतला. तुमास्नी डांबर का घावलं न्हाई, सांगा बरं?"

डांबर मिळालं नव्हतं हे खरंच होतं. साहेबांना जाऊन झालेलं सांगितलं तर ते म्हणाले, "एक काम धड करता येत न्हाई तुम्हाला." घरी आलो तर बायकोनं डब्याच्या तळाशी राहिलेला शेंदूर देवघरात नेऊन ठेवला होता.

पण झाड आपलं काम करत होतं. पहिल्या पावसाळ्यानंतर जखमेच्या दोन्ही बाजूंनी सालीची नवी कड आली, बोटाएवढी जाड, गोल, गुळगुळीत. माझ्या आयुष्यात मी इतकी सुंदर कड पाहिली नव्हती. लोकांनीही ती पाहिली. देवाला कान फुटले असं गावभर झालं. कान वाढून राह्यले म्हणून लोक गाड्या जोडून वाटूरहून, जांबेहून यायला लागले. म्हटलं, कान तर कान. वाढू देत.

दुसऱ्या पावसाळ्यात कान एकमेकांकडं सरकले. वरचं कपाळ झाकलं, सोंडेच्या दोन्ही बाजू झाकल्या. आणखी एक पावसाळा गेला असता तर नुसती उभी चीर राहिली असती. सेक्रेटरी साहेबांनीसुद्धा एकदा येऊन बोट फिरवून पाहिलं. "जिंकलात, मुकादम," एवढं म्हणाले. त्यांच्या तोंडून चांगला शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

भाद्रपदाच्या तोंडावर शेठजी आले. बरोबर सुतार, त्याच्या हातात पटाशी. मागं म्हातारी आणि वस्तीतली माणसं. शेठजींनी तिथं फरशी घालून द्यायचं कबूल केलं होतं.

"मुकादमजी, देव झाकला जाऊन राह्यलाय. थोडं मोकळं करून घेतो."

"शेठजी, झाकला जात नाहीये. जखम भरतेय. भरू द्या."

"भरली तर देव दिसंल कसा?"

"नाही दिसला. झाड तर राहील."

"तुमीच बसवला, आन् आता तुमीच बुजवता का?" म्हातारी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तिच्याशी भांडणं मला जमेना.

मी सुताराचं मनगट धरलं. तो माझ्या ओळखीचा होता, क्लबाच्या खुर्च्या दुरुस्त करायचा. हळूच म्हणाला, "सोडा मुकादम. मी न्हाई केलं तर दुसरा कुऱ्हाडीनं करंल." ते बरोबर होतं. मी सोडलं.

त्यानं पटाशी कडेवर ठेवली आणि कोरत गेला. ओल्या सालीच्या चकत्या खाली पडत होत्या, आतून पांढऱ्या, रसानं चकाकणाऱ्या. बायांनी त्या प्रसाद म्हणून पदरात घेतल्या. मग शेठजींनी ताजा शेंदूर दिला. कड गेली तिथंच, त्याच जागी, तूप आणि शेंदूर. कुणीतरी मला पेढा दिला. तो मी हातात धरून उभा राहिलो.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "पोलीस आणू का देवावर? तुम्हीच सांगा."

त्यानंतर दर भाद्रपदात हेच झालं. झाड कड आणायचं, माणसं ती कोरून काढायची. प्रत्येक वेळी कड अधिक पातळ यायची. एका वर्षी ती आलीच नाही. सोंडेच्या मागं लाकूड मऊ पडलं. मी खिळा टोचून पाहिला तर बोटाच्या दाबानं आत गेला. शेंड्याची पानं विरळ झाली. तोवर क्लबानं तो कोपरा सोडून दिला होता. पुढं साहेबांची बदली झाली, खेळणारे कमी झाले, मैदानाची जागा सरकारी कचेऱ्यांना गेली. चिंचा आणि शिरीष एका हिवाळ्यात तोडले. ते तोडताना कुणी अडवायला आलं नाही. आम्ही दोन खोल्या सोडल्या. आता मी एका जिनिंगच्या आवारातली झाडं बघतो. झाडं कसली, चार बदाम आणि बोगनवेल.

गेल्या वर्षी शेठजींचा निरोप आला. निंबाची वाळकी फांदी झाडाखाली घातलेल्या मंडपाच्या पत्र्यावर झुकली होती, आरतीच्या वेळी कुणाच्या डोक्यात पडेल अशी भीती होती. दुसरा कुणी झाडाला करवत लावायला तयार नव्हता. "तुमच्या हातनं चालतं त्याला," असं म्हणे त्यांनी सांगितलं.

मी गेलो. बुंध्याभोवती फरशी, फरशीवर कठडा, कठड्याला पितळी घंटा. निंबावर एक हिरवं पान नव्हतं. सोंड मात्र लखलखत होती. म्हातारी आता थकली आहे, भिंतीला टेकून बसते. तिनं मला ओळखलं आणि शेंदराची वाटी पुढं केली. "वर कापाल तिथं बी लावा दादा. तुमच्याच हातचं."

"मावशी, याला आता काही लावून उपयोग नाही. हे मेलंय."

"असं बोलू न्हाई," ती म्हणाली आणि वाटी माझ्या पिशवीत ठेवून दिली.

शिडी लावून चढलो. फांदीवर हात ठेवला तर साल भुगा होऊन गळाली. खाली सोलून यायला काही उरलेलंच नव्हतं. तरी मी आधी खालून करवत घातली. मग पुढं सरकून वरून कापायला लागलो. शेवटचा ठोंबही कड्याच्या बाहेर कापायला घेतला, नेहमीसारखा सावकाश.

खालून शेठजी ओरडले, "जल्दी करा मुकादमजी, आरतीची वेळ झाली."