वेणूबाय जेवायला बसते

सगळे दात काढल्यावर वेणूबायची पंचाईत झाली. बेलपाड्यात तिच्याइतकं चवीनं खाणारं माणूस शोधून सापडलं नसतं. खाडीतल्या निवट्या, खेकडे, सुकटीची चटणी यांवर पोसलेला जीव, आणि आता हिरड्या भरून येईपर्यंत पेज आणि मऊ भात. सून सुनीता रोज पेज करून द्यायची आणि वेणूबाय रोज तिच्याकडे सावत्र आईकडे बघावं तसं बघायची.

एकदा खारघरला डॉक्टरकडून परतताना गल्लीत कांदा लोण्यात परतल्याचा वास आला. वास एका छोट्या हॉटेलातून येत होता. पाच-सहा टेबलं, खिडकीत कुंड्या. पुण्याचा सत्यजीत नोकरीसाठी पोलंडला गेला होता, तो हालिनाशी लग्न करून आला आणि दोघांनी मिळून हे हॉटेल काढलं. पाटीवर ‘स्माच्नेगो’ लिहिलं होतं. तिकडे जेवायला बसलेल्या माणसाला असं म्हणतात. गल्लीतल्यांना ते म्हणवेना, म्हणून सगळे ‘पोलंडवाली’च म्हणायचे.

वेणूबाय लुगडं सावरत आत गेली आणि बिनदातांचं काही मिळेल का, असं तिनं विचारलं. हालिनाला मराठी जेमतेम येत होतं. तेव्हा वेणूबायनं सरळ तोंड उघडून दाखवलं. हालिना मनापासून हसली आणि आत गेली. थोड्या वेळानं कोंबडीचं पातळ सूप आलं, त्यात शेवयांसारखं काहीतरी. मग घोटलेला बटाटा, वर खरपूस कांदा. तिखटाचा पत्ता नाही. वेणूबायनं मिरची मागितली, हालिनानं मिरपूड आणली. एवढ्यावर तडजोड झाली.

पहिल्याच घासाला तिची जीभ भाजली. इतकं गरम खायची तिला सवयच नव्हती.

जेवण झाल्यावर ती सवयीनं ताट उचलून मोरी कुठे आहे ते बघू लागली. हालिनानं ताट काढून घेतलं, तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि म्हणाली, “तू बसायचं. मी आहे.”

मग ती वरचेवर जाऊ लागली. घरी सांगायची, देवळात जाते. कोबीच्या पानात भात आणि खिमा भरून शिजवलेले गुंडाळे तिला फार आवडले. सत्यजीत मोकळा असला की तो दोघींमध्ये बोलणं पोचवायचा, नाहीतर त्यांचं हातवाऱ्यांवर भागायचं. हालिनाची आईही वारली होती, वेणूबायचीही. दोघींनी एकमेकींना आईच्या हातचं काय चांगलं व्हायचं ते सांगितलं, आणि दोघींनाही ते नीटसं कळलं नाही. पण दुपार छान गेली.

कवळी बसली तरी तिचं जाणं चालूच राहिलं. मग एकदा हॉटेलाचा फोटो फोनवर फिरला आणि त्यात हिरवं लुगडं नेसलेली, तोंडभर घास घेतलेली वेणूबाय होती. तो तिच्या मुलाला, परेशला, त्याच्या एका मित्रानं पाठवला.

रात्री जेवताना परेशनं विषय काढला. तो चिडला नव्हता, त्याला लाज वाटली होती. गावात लोक काय म्हणतील, सून सासूला जेवायला घालत नाही?

“घरात काय कमी हाय का, आई?”

सुनीता ओट्याशी भाकऱ्या थापत होती. तिनं मान वर केली नाही, पण हात थांबला.

वेणूबायनं त्याच्या वाटीत कालवण वाढलं. मग म्हणाली, “कमी काय नाय रे. तुजी बायको माज्यापेक्षा बरं रांधते. पन तितं मी बसते नि दुसरी कोन वाढते. ताटात पडलं का वाफ येते. हितं आमी दोघी बसतो, तवा सगळं निवलेलं असतं. माजं बी नि सुनीताचं बी.”

परेशच्या ताटात तेव्हा तव्यावरून उतरलेली भाकरी होती. तो त्या भाकरीकडे बघत राहिला. सुनीतानं पुढची भाकरी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेणूबाय चपला घालत होती, तेव्हा सुनीता साडी बदलून बाहेर आली. उरणहून ती या घरात आली त्याला आता बरीच वर्षं झाली होती. सासू-सून अशा दोघीच कुठे गेल्या होत्या त्या फक्त दवाखान्यात आणि लग्नांत.

“चला,” ती म्हणाली. “मना पन बघू द्या.”

हालिनानं दोघींना खिडकीशी बसवलं. आधी बिटाचं लालभडक आंबट सूप आलं. सुनीतानं दोन चमचे घेतले आणि वाटी बाजूला सारली.

“नाय आवडलं,” ती म्हणाली आणि आपणच चपापली. घरात भांड्यात उरलेलं संपवणाऱ्याला आवडनिवड सांगायची वेळच येत नाही.

“मंग नको खाऊस,” सासू म्हणाली आणि वाटी स्वतःकडे ओढली.

मग पिएरोगी आले, बटाटा आणि पनीर भरलेले, करंज्यांसारखे पण उकडलेले. ते सुनीताला आवडले. ती एकदाही उठली नाही. मधेच परेशचा फोन आला, कालवणाचं पातेलं कुठे आहे म्हणून. झाकणाखालीच आहे, गरम करून घ्या, असं सांगून तिनं फोन पालथा ठेवला आणि आणखी एक प्लेट मागवली.

घरात लगेच फार काही पालटलं असं नाही. परेशची मुलं अजून हातात फोन घेऊन जेवतात, पाहुणे आले की बायका अजून मागेच राहतात. पण एरवी सुनीता आता भाकऱ्या आधीच करून फडक्यात गुंडाळून ठेवते आणि सगळ्यांबरोबर जेवायला बसते. परेशला भाकरी मऊ पडलेली आवडत नाही. एकदा तो म्हणालाही, गरमच हवी म्हणून. वेणूबायनं त्याला पोलंडवालीचा पत्ता सांगितला.