ताटातलं तूप आणि ताईचं तेल

बायकोलासुद्धा न सांगितलेली ही गोष्ट आहे. आज सांगतोय तीही मन शांत झालंय म्हणून नाही. संताप आलाय म्हणून.

परवा लासूर स्टेशनला ताईच्या घरी धोंड्याचं जेवण होतं. अधिक महिना, त्यामुळं ताईची लेक आणि जावई आलेले. ताई धोंडे तळायला कढईपाशी गेली, तर तिची सासू सगळ्यांदेखत म्हणाली, "तू सरक तिकडं. तुझ्या तेलानं माझं लेकरू नेलं, आता जावयाला तरी सोड." ताईनं झारा खाली ठेवला. कुणी काही बोललं नाही. मी? मीही नाही.

ते लेकरू म्हणजे ताईचा नवरा, माझे दाजी. यकृत कडक झालं, पोटात पाणी झालं, गेल्या वर्षी गेले.

मी वैद्य आहे. बजाजनगरात दवाखाना आहे. मुळात अबोल माणूस, पण तुपावर बोलायला उभा राहिलो की वेगळाच व्हायचो. "तूप सोडाल तर औषधं धराल!" असं म्हटलं की टाळ्या पडायच्या. लोक 'तूपवाले डॉक्टर' म्हणायचे. आवडायचं मला ते. आता वाटीभर तूप पिऊन दाखवणारे व्हिडिओ पाहिले की हात शिवशिवतात — एक ठेवून द्यावी. कुणाला? पहिलं थोबाड माझंच समोर येतं.

कारण मला ठाऊक होतं. तूप श्रेष्ठ खरं — पण ज्याचा अग्नी पेटलेला आहे त्याला. विझत्या निखाऱ्यावर तूप ओतलं तर आग भडकत नाही, नुसता धूर होतो. जिभेवर पांढरा थर, भूक मेलेली, जेवलं की जडपणा — अशा माणसाला आधी हलकं करायचं असतं. लंघन, मुगाचं कढण, ताक. यकृतासाठी तूप देतात ते कडू औषधांत सिद्ध केलेलं, मात्रेनं, वेळ पाहून. ताटातल्या धारेला औषध म्हणायचं नसतं. हे पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवतात!

आणि दाजींचं पोट मी स्वतः तपासलं होतं. उजव्या फासळीखाली यकृत हाताला लागत होतं. सोनोग्राफीतही चरबी आलेली. तिथल्या डॉक्टरांनी गोड-तुपकट कमी करायला आणि पुन्हा तपासणीला यायला सांगितलेलं. मीही तेच सांगणार होतो. सांगणारच होतो —

पण त्याच सुमाराला मागचा अधिक महिना आला. आम्ही दाजींना सिडकोत आमच्याकडं धोंड्याला बोलावलं. पंगत बसली. आईनं तुपाचं भांडं वाकवलं, तसा दाजींनी ताटावर हात आडवा धरला.

"काय वैद्यबुवा, आमचं लिवर चरबटलंय म्हणे. आता धोंडे कोरडेच गिळायचे का?"

सगळे हसले. चुलतभाऊ म्हणाला, "तूपवाले डॉक्टरच तूप बंद करतेत का काय! मग दुकान चालायचं कसं?"

एवढंच. एवढ्याशा टोमण्याला मी भ्यालो.

"दाजी, लिवरचं औषधच हाय ते," मी म्हणालो. "घरचं तूप कधी बाधत नसतंय. मशीन चित्र काढतंय, नाडी नाय बघत."

दाजींनी हात काढून घेतला.

नुसत्या तुपानं ते गेले असं मी म्हणत नाही. आजार इतका सरळ नसतो. पण माझ्या शब्दावर त्यांनी पथ्य सोडलं, तपासणी सोडली, रोज सकाळी वाटीनं तूप घ्यायला लागले. आणि मी भेटत होतो, बघत होतो — एकदाही "थांबा" म्हणालो नाही. मग डोळे पिवळे झाले.

माझा नीचपणा इथंही थांबला नाही. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात दाजींच्या आईनं मला विचारलं, "कशानं झालं रं बाबा?" मी म्हणालो, "बाजारचं रिफाइंड तेल. घरोघरी तेच चाललंय." ताई शेजारीच उभी होती. त्या घरात फोडणी कोण घालतं, हे मला माहीत नव्हतं? होतं. तिच्याकडं न बघता बोललो.

ताईनंही ते खरं मानलं. अजून बिनफोडणीचं खाते. एकदा तिनं विचारलं, "खरंच माझ्या हातानं झालं का रे?" मी म्हणालो, "जाऊ दे ताई, नशिबात होतं." नशीब! त्या शब्दाचीच मला आज सगळ्यात जास्त चीड येते. तेवढा एकच प्रश्न तिनं मला आयुष्यात विचारला असेल, आणि मी नशिबावर ढकलला.

ताईच्या तेलाचा काही दोष नव्हता. पंगतीत हसं होऊ नये म्हणून एका वैद्यानं खोटं सांगितलं, आणि ते झाकायला बहिणीला पुढं केलं.

दाजींच्या आईला वाचता येत नाही. त्यामुळं हे लिहून भागणार नाही, ते मला कळतं. जावई अजून तिथंच आहेत, घर माणसांनी भरलेलं आहे. उद्या लासूरला जातोय.