वीतभर नळी आणि एक कलम

हे प्रकरण आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतली नावं आता मागेपुढे होतात. पण ठिबक सिंचनाच्या नळीचा एक वीतभर तुकडा आणि तो पिशवीत घालून मी ज्या समितीसमोर उभा राहिलो ती दुपार, हे अजून लख्ख आठवतं. कुणाचं नाव मात्र सांगणार नाही. गावंही मोघमच ठेवतो.

तेव्हा मी जळगावला आर्थिक गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. शाखा म्हणजे दोन खोल्या, छताला टेकलेले कागदांचे गठ्ठे आणि एक कूलर. त्यात पाणी कुणी भरायचं यावरून रोज सकाळी वाद व्हायचा. मे महिना होता. अशा उन्हात माणूस लवकर निर्णयाला येतो, हा माझा अनुभव आहे. मीही आलो.

कृषी खात्याकडे एक निनावी अर्ज आला होता. अनुदानावर घेतलेले ठिबक संच कागदावरच आहेत, शेतात काहीच नाही, असं त्यात लिहिलं होतं. खात्यानं शेतोशेती पाहणी केली. ज्यांच्या शेतात संच आढळला नाही अशा तेवीस जणांची यादी फिर्यादीसह आमच्याकडे आली. शासनाची फसवणूक म्हणून गुन्हा दाखल झाला. मला प्रकरण अगदी सोपं वाटलं. शेतात नळ्या आहेत का? नाहीत. मग राहिलं काय? लिखापढी तेवढी.

यादीत तापीकाठच्या, जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या शिवेवरच्या एका गावातल्या बाई होत्या. साठीच्या आसपासचं वय, तीन एकर जमीन स्वतःच्या नावावर, आणि राबणाऱ्याही त्या स्वतःच. सारं गाव त्यांना अक्का म्हणायचं. नोटीस मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं त्या हजर झाल्या. खुर्ची दिली तर टोकावर बसल्या.

"संच कुठंय?" मी विचारलं.

"मनी बहीणना वावरमा शे, साहेब."

"म्हणजे दुसऱ्याला दिला?"

"दिना ना. दर साल देस."

बाई आपण होऊन कबूल करतायत म्हटल्यावर मी लगेच पेन उचललं. 'शासनाच्या अनुदानातून घेतलेला संच परस्पर दुसऱ्यास दिल्याचे मान्य करते,' असा जबाब लिहिला. बाई पुढेही हातवारे करून काहीतरी सांगत होत्या. मला आणखी पाच जबाब उरकायचे होते. खाली त्यांची सही घेतली आणि त्यांना बसस्टँडचा रस्ता दाखवला.

त्याच सुमारास सरकारनं सार्वजनिक योजना आणि महामंडळं यांतल्या फसवणुकीवर नवं विधेयक आणलं होतं. ते दोन्ही बाजूंच्या आमदारांच्या संयुक्त समितीकडे गेलं. त्यात एक कलम होतं. अनुदानातून घेतलेली वस्तू पाहणीत जागेवर आढळली नाही, तर लाभार्थ्यानं फसवणूक केली असं गृहीत धरायचं. त्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढवायचा आणि पुढे सगळ्या योजनांमधून त्याचं नाव कायमचं बाद करायचं. समिती जळगावला येणार होती आणि वरून निरोप आला, की आमचा गुन्हा नमुना म्हणून तिच्यासमोर ठेवायचा. मी खूश! आपलं काम नमुना ठरलेलं कुणाला आवडत नाही?

समितीच्या आधी चार दिवस तिचे एक सदस्य कागद पाहायला शाखेत आले. विरोधी पक्षाचे आमदार, धुळ्याकडचे. समितीचं पत्र आणि वरिष्ठांची परवानगी दोन्ही सोबत. मी मनात म्हटलं, घ्या, आता तासभर भाषण ऐका. विरोधी बाकांवरचा माणूस म्हणजे टेबलावर मूठ आपटणार आणि बाहेर पत्रकारांना सांगणार, हे मी गृहीतच धरलं होतं. गृहीत धरण्याचा रोग फक्त त्या विधेयकालाच नव्हता.

तर या गृहस्थांनी आवाजसुद्धा चढवला नाही. चहा बशीत ओतून प्यायले, खिशातून पेन्सिल काढली आणि तेवीसच्या तेवीस जबाब वाचत बसले. दोन तास. मध्ये एकदाच म्हणाले, "कूलरमध्ये पाणी नाही वाटतं, भाऊ." अक्कांच्या जबाबावर ते थांबले. परत वाचला. मग चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिलं.

"यांनी संच बहिणीला दिला, असं आहे. का दिला?"

"दिला हे मान्य केलंय ना, साहेब."

"ते दिसतंय. का दिला, ते कुठं आहे?"

मी म्हटलं, "संच त्याच गट क्रमांकात ठेवायचा, अशी अट आहे. अट मोडली."

"अट मोडली हे खरं. पण फसवलं का?" असं म्हणून त्यांनी कागदाच्या कडेला पेन्सिलीनं बारीक खूण केली. "मी काही तुमच्या तपासात ढवळाढवळ करायला आलेलो नाही. उद्या हे कलम पास झालं तर पोलिसांना 'का' विचारायची गरजच उरणार नाही. म्हणून म्हटलं, आज तरी विचारलंय का ते बघावं."

गेले ते. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? वीस वर्षं खाकी घातलेल्या माणसाला आमदार जबाब कसा घ्यायचा ते शिकवणार! जेवताना घरच्यांवरही चिडचिड केली. पण तो 'का' काही डोक्यातून जाईना. बाईला फसवायचंच होतं, तर नळ्या विकून टाकल्या असत्या. दर साल देते असं तोंडानं कशाला सांगितलं असतं?

दुसऱ्या दिवशी स्टेशन डायरीला नोंद केली, आमच्या हवालदारांना जीपमध्ये घेतलं आणि निघालो. हवालदार असोद्याचे, घरची केळी. नोकरी पोलिसात, जीव मात्र बागेत. आधी अक्कांचं वावर पाहिलं. ते रिकामंच होतं. मग त्यांनाच सोबत घेऊन शीव ओलांडली आणि धुळे जिल्ह्यात त्यांच्या बहिणीच्या शेतात गेलो. तिथं बोटभर कापूस उगवून आला होता आणि ओळीओळीनं अक्कांच्या नळ्या पसरल्या होत्या.

उलगडा व्हायला पाच मिनिटं लागली. केळी कापून झाली की अक्कांचं वावर कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतरची केळी लावेपर्यंत मोकळं असतं. बहिणीचा बागायती कापूस लागतो मेमध्ये, पावसाच्या आधी. मग अक्का नळ्या गुंडाळून बहिणीकडे पाठवतात आणि पाऊस सुरू झाला की नळ्या परत येतात. त्या बदल्यात केळी लावायच्या वेळी बहीण बैलजोडी घेऊन अक्कांकडे येते. त्या पट्ट्यात बहिणी-भावांत, शेजाऱ्यांत हे सर्रास चालतं. पाहणी करणाऱ्यांना जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे बघायचं काम नव्हतं. मला होतं, आणि मी बघितलं नाही.

हवालदार मात्र खाली बसून नळी निरखत होते. नळीवर पांढरा क्षार चढला होता, छिद्रांभोवती तर पुटंच. दोन ठिकाणी खारींनी कुरतडलेली, तिथे जोड दिलेले. "साहेब, ही तीन-चार वर्षं विहिरीचं पाणी प्यायलीय," ते म्हणाले. मग मान वर करून हळूच विचारलं, "ज्यांचे संच सापडले, त्यांच्या नळ्या कुणी पाहिल्या का हो?"

आम्ही सगळे ज्यांच्याकडे सापडलं नाही त्यांच्या मागे लागलो होतो. ज्यांच्याकडे सापडलं, ते आमच्या लेखी सज्जन!

पंचनामा करून अक्कांच्या नळीचा वीतभर तुकडा कापून घेतला आणि दुपारीच दुसरं गाव गाठलं. तिथल्या 'संच आढळला' असा शेरा असलेल्या शेतांत नळ्या होत्या. अगदी सरळ, काळ्याभोर, चकाकणाऱ्या. कागदावर त्यांना तीन वर्षं झाली होती. पाणी त्याच खोऱ्यातलं, पण क्षाराचा कण नाही, की खारीचा एक दात नाही. असे चार नमुने घेतले. सगळे संच एकाच विक्रेत्याकडचे निघाले.

मग त्या विक्रेत्याकडे संच बसवणाऱ्या फिटरला बोलावलं. चाळिशीचा, बोलायला पटाईत. पहिला अर्धा तास त्यानं मलाच ठिबकचे फायदे सांगितले. मी सांगू दिले. माझी एक सवय होती, खोटं बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही. बोलून बोलून तो आपणच दमतो. त्यानं पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, तेव्हा मी दोन तुकडे टेबलावर ठेवले. एक अक्कांचा, एक त्याचा.

"दोन्ही तीन वर्षांचे. तुझ्या गिऱ्हाइकाच्या विहिरीला गंगाजल लागलंय का?"

त्यानं दोन्ही तुकडे हातात घेतले, फिरवून पाहिले आणि परत ठेवले. कामाचा माणूस होता. त्या वस्तूबद्दल खोटं बोलणं त्याला जड गेलं असावं. "साहेब, मी हुकमाचा ताबेदार," म्हणाला आणि सगळं सांगितलं. पाहणीचं वेळापत्रक विक्रेत्याला आदल्या दिवशीच मिळायचं. मग त्याच नळ्या टेम्पोत घालून या गावाहून त्या गावाला नेऊन टाकायच्या, पाहणी झाली की गोळा करायच्या. आता समिती फिरणार असं कळलं, म्हणून परत अंथरल्या होत्या. खरी शेतकरी मंडळी बेसावध, म्हणून ती यादीत अडकली. लबाड आधीच तयार, म्हणून ते सुटले. निनावी अर्ज कुणी केला होता, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

समितीच्या बैठकीच्या सकाळी वरिष्ठांचा फोन आला. "फार खोलात जाऊ नका. गुन्हा, आरोपी, एवढंच सांगा." मी "हो सर" म्हणालो. आणि तुकडे पिशवीत घातले.

सभागृहात मी गुन्ह्याची माहिती दिली आणि फिटरनं विक्रेत्याबद्दल सांगितलेलंही मांडलं. मग विरोधी आमदारांनी दोनच प्रश्न विचारले.

"हे कलम आज लागू असतं, तर त्या शेतकरी बाई दोषी ठरल्या असत्या का?"

"हो, साहेब. त्यांच्या शेतात संच आढळला नव्हता."

"आणि विक्रेता?"

"त्याला कुणी हात लावला नसता. त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या शेतांत संच आढळला होता."

मी तुकडे पुढे केले. ते बाकांवरून फिरत गेले. सरकार पक्षाचे एक सदस्य स्वतः बागायतदार होते. त्यांनी क्षारावर नख घासून पाहिलं आणि म्हणाले, "अहो, हे तर आमच्या घरी पण चालतं. मी पण आरोपीच की!" हशा पिकला. वरिष्ठ माझ्याकडे पाहत नव्हते.

कलम रद्द झालं नाही. लाभार्थ्याला समक्ष विचारून त्याचं म्हणणं पूर्ण नोंदवल्याशिवाय काही गृहीत धरू नये, एवढी एक ओळ त्यात घातली गेली. पेपरात फोटो आमदारांचा आला. येऊ दे, त्यांचा हक्कच होता. तेवीसांपैकी चौघं खरोखर लबाड निघाले, बाकीच्यांची नावं वगळण्याचा अहवाल मी पाठवला. विक्रेत्यावर दोषारोपपत्र गेलं. माझी बदलीही लवकरच झाली. तिचा याच्याशी संबंध होता की नाही, ते मी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला गेलो, तेव्हा अक्कांच्या घरी थांबलो. त्यांनी ओळखलं. बाजेवर बसवलं, चहा ठेवला. केळी घडांवर आली होती. त्या मला बांधापर्यंत घेऊन गेल्या आणि नळीवरचा एक जोड दाखवला, मी तुकडा कापला होता तिथला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. गंमत वाटत असावी.

मी म्हटलं, "अक्का, चूक माझी झाली. मी तेव्हा तुम्हाला विचारायला हवं होतं."

त्यांनी जोडावरची माती बोटानं पुसली. मग म्हणाल्या, "मी सांगं व्हतं, साहेब. तुमनी मान खाले व्हती."

त्या दिवशी त्या हातवारे करून काय सांगत होत्या, ते मला तेव्हा कळलं. बहीण, कापूस, बैलजोडी, सगळं त्यांनी माझ्या टेबलासमोर सांगून टाकलं होतं. आणि मी कागदाकडे बघत त्यांचा कबुलीजबाब लिहीत होतो.